बीजींच्या बहिणीला फोन

रविवार, ९ नोव्हेंबर, मिल्टन कीन्स, इंग्लंड

एखाद्याचं दुःख त्याच्यापासून लपवणं ही माया की चोरी? मला खरंच ठाऊक नाही.

घरमालकीण बीजींची बहीण जालंधरजवळच्या त्यांच्या लहानशा गावात महिन्यापूर्वी वारली. बीजींचा मुलगा म्हणाला, "आईला सांगू नकोस, तिला सोसणार नाही." तेव्हापासून दर रविवारी त्या बहिणीला फोन लावायला सांगतात आणि मी म्हणते, गावात नेटवर्क नाही.

"एवढी शिकलीस पुत्तर, साधा फोन लागत नाही तुला?" आजही हसल्या. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. यासाठी शिकले?

त्यांच्याकडे माणूस गेलं की जमिनीवर चादर अंथरतात, गावातल्या बायका सोबत बसून रडतात. बीजींजवळ इथे कोण बसणार?

संध्याकाळी मी हॉलमध्ये चादर अंथरली, हात धरून त्यांना बसवलं, शेजारी बसले आणि सांगितलं.