पेंढ्यातला भात

हातखंबा,
गुरुवार, १६ ऑक्टोबर १९८६

चि. राही हिस,

तू आणि जावई बरी असाल असं धरून चालत्ये. इकडची खबर पुढे लिहित्ये. एरवी पत्र शेजारच्या गोदाकडून लिहून घेत्ये, हे माझं मीच लिहित्ये. चुकलं तर लावून वाच.

भात कापणीला आलाय. हल्ली मी लाकूड बेतानं जाळत्ये. डाळ आधी भिजत घालत्ये, टोपावर झाकण ठेवत्ये, काम झालं की लाकडं मागे ओढून राखेत विझवत्ये. भाताला चार कढ आले की टोप पेंढ्याच्या टोपलीत दाबायचा, वर गोधडी; उरलेला वाफेवरच शिजतो. भांड्यांचं पाणी केळीला. हसू नको. कोळशाच्या भट्ट्यांनी डोंगर खाल्ला, मोळीसाठी दोन टेकड्या पलीकडे जावं लागतं, हे तू तेव्हाच सांगत होतीस. मी म्हटलं, चार बुकं शिकलीस म्हणून आईला चूल शिकवतेस?

आणि तू पेंढ्यात ठेवलेला तो टोप जावयासमोर अंगणात भिरकावला. पाव्हण्याला कच्चा भात वाढतेस म्हणून. राही, भात शिजला होता. झाकण काढलं तेव्हाच मी बघितलं होतं. पण हात थांबला नाही.

त्याच पावली तू गेलीस, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा स्वतः उठून टोप पेंढ्यात ठेवायचे. मी टोचायची, "झालात लेकीचे चेले." ते म्हणायचे, "चेला तर चेला. ऊन ऊन गिळतेस ना? मग गप जेव."

आता मलाच ठेवावा लागतो. एकटीपुरता.

बाबा गेले, बाय. आज दहा दिवस झाले. आठवडाभर ताप होता, छाती भरलेली. पहिल्याच दिवशी म्हणाले, राहीला तार कर. मी म्हटलं, केली. केली नव्हती. वाटलं, दोन दिवसांत उठतील. तू आलीस की त्या भाताचं निघालं असतं आणि मला खाली मान घालावी लागली असती. एवढ्यासाठी.

रोज सकाळी मुंबईची गाडी यायच्या वेळेला विचारायचे, "आली?" मी म्हणायची, "उद्या येईल." शेवटच्या सकाळी काही विचारलं नाही. नुसते दाराकडे बघत होते.

वाडीतली माणसं त्यांना उचलायची थांबली, दुपारपर्यंत तुझ्यासाठी खोळंबली. तरी मी गप्प. आज दहाव्याला तुझा काका भागोजी पंगतीत सगळ्यांदेखत बोलला, "लेक कसली, दगड. तार मिळून आली नाय."

मी म्हटलं, "तार गेलीच नाय."

"वैनी, शुद्धीवर हायस ना?"

"हाय. मी केलीच नाय. तिला ठाऊकच नाय."

वाडीतल्या जाईबाईनं भरलं पान सोडलन् आणि उठली. मग सगळीच उठली.

वाडीतला काशीराम सोमवारी मुंबईला निघतोय, तुला भेटेलच. त्याच्या आधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून घाई. तो खोटं बोलायचा नाही, पण माझी बाजू राखून सांगेल. मला बाजू नाही.

बाबा तुझ्यावर रागावून गेले नाहीत. वाट बघत गेले. हे तुला कळलं पाहिजे, मग माझं काय करायचं ते कर.

पत्राखाली आशीर्वाद लिहायची रीत आहे. लिहित्ये. घ्यायचा की नाही ते तू बघ.

तुझी आय