दादाची रायफल आणि माझा डावा डोळा

१ मार्च
डायरी सुरू. माझ्यापुरती. कुणी वाचायची नाही.

दादाला जाऊन वर्ष होत आलं. क्लब त्याच्या नावाने एअर रायफलची मॅच ठेवतोय, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. वहिनी म्हणाली, यांची रायफल कपाटावर धूळ खात पडली आहे भावोजी, तुम्हीच मारा तिने. दहापैकी पाच छर्रे काळ्या गोलात बसले तर रायफल तुमची. नाहीतर क्लबला देऊन टाकते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

काळजीचं कारण नाही. दादा चॅम्पियन होता आणि रक्त एकच आहे. हॉलच्या भिंतीत रायफलसाठी दोन खिळे ठोकून ठेवले. ही म्हणाली, खिळे वरखाली झालेत. बायको आहे, बोलायचीच.

३ मार्च
क्लबमध्ये पहिला दिवस. लांबट हॉल. या टोकाला आपण, त्या टोकाला कागद. दहा छर्रे मारले. कागद ओढून जवळ घेतला तर कोरा करकरीत.

ट्यूबलाइट लुकलुकते. डाव्या हाताच्या लेनमध्ये दातांची डॉक्टर असते, ती सारखी घसा खाकरते. अशात कुणाचा नेम लागणार? कोचने विचारलं, चष्मा नाही का. आहे की, खिशात आहे. चष्मा लावून नेम धरायचा म्हणजे छत्री घेऊन पोहायला उतरायचं. शिवाय त्याचा नंबर जुना आहे आणि एक काडी दुकानातल्या चिकटपट्टीच्या जिवावर उभी आहे.

उद्यापासून रोज प्रॅक्टिस.

६ मार्च
दोन दिवस गेलो नाही. फ्रेमिंगचं दुकान एकट्याने चालवायचं म्हणजे वेळ कुठून आणायचा?

आज कोचने परीक्षा घेतली. दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करायला लावला, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटायला लावला. डावा मिटला की घड्याळ गायब. म्हणे, तुमचा हात उजवा आणि डोळा डावा. मालक डावा डोळा आहे, बंदूक भलत्याच्याच दारात लावताय. उपाय दोन: रायफल डाव्या खांद्यावर घ्या, नाहीतर चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट पट्टी चिकटवा.

दादा उजव्या खांद्यावरून मारायचा. विषय संपला.

९ मार्च
हे लिहावं की नाही कळत नाही.

नेम धरला होता. दोन्ही डोळे उघडे. कागद दोन दिसत होते, ते नेहमीचंच. पण डावीकडे, भिंतीला टेकून, दादा उभा होता. मरून स्वेटर. हालचाल नाही. लहानपणी मी गलोर मारताना मागे उभा राहायचा तसाच, मी चुकायची वाट बघत.

डावा डोळा मिटला. नाही. उघडला. आहे.

घाबरलो नाही. उरलेले छर्रे उद्यासाठी ठेवले, एवढंच.

१० मार्च
मुद्दाम सकाळीच गेलो. आहे. तिथेच.

कोचला सांगितलं नाही. तो दादाचा जुना दोस्त, उगाच हळवा व्हायचा. पण आता सगळं स्पष्ट झालं. मार्गदर्शन करायला आलाय. त्याची रायफल दुसऱ्याच्या हातात जाऊ नये असं त्यालाही वाटणारच. डावा डोळा मिटणार नाही म्हणजे नाही.

आजचे छर्रे: कागदावर एक. कोपऱ्यात. पण सुरुवात झाली.

१४ मार्च, दुकान
क्लबने दादाचा मोठा फोटो फ्रेमला दिलाय, मॅचच्या दिवशी हॉलमध्ये लावायला. फोटोभोवतीचा पुठ्ठा तीनदा कापला. तिन्ही वेळा तिरका. फोटोतून दादा माझ्याकडे बघतो. मी जागा बदलली तरी बघतो. शेवटी फोटो पालथा ठेवून काम केलं.

दुपारी एक बाई तिच्या मुलीच्या फोटोची फ्रेम परत घेऊन आली, वाकडी आहे म्हणून. म्हटलं, बाई, तुमची भिंत वाकडी असेल. तिने पर्समधून मोजपट्टी काढली. लोकांना हल्ली विश्वास म्हणून राहिलेला नाही.

१७ मार्च
ही म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या. काल मी सोसायटीच्या गेटवर कचऱ्याच्या डब्याला नमस्कार केला म्हणे. अंधार होता. ही म्हणाली, संध्याकाळचे पाच वाजले होते.

मग म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. दादा असता तर माझ्या बाजूने बोलला असता. नसता बोलला बहुतेक. पण मागाहून हळूच येऊन स्वतःच्या खर्चाने चष्मा करून दिला असता.

फार आठवण येते. हे इथेच लिहितो, बोलायचं नाही.

२१ मार्च
तो बोलत नाही एवढीच तक्रार. मी मनात विचारतो, श्वास सोडून चाप दाबू की धरून? उत्तर नाही. जिवंतपणी उपदेश थांबत नव्हता आणि आता गरज आहे तर तोंडाला कुलूप.

आज कोचने जबरदस्तीने चष्मा लावायला लावला आणि डाव्या काचेवर पट्टी चिकटवली. कागद एकच झाला. दादा गेला. हॉल एकदम रिकामा झाला. पट्टी ओरबाडून काढली, चष्मा खिशात. कोच म्हणाला, तुम्ही म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

संकल्प: मॅचच्या दिवशी पट्टी नाही. दोघं मिळून मारायचं.

२५ मार्च
प्रॅक्टिसला गेलो नाही. फार प्रॅक्टिसने नेम शिळा होतो.

मॅचचा रविवार, रात्री
आधी चांगलं लिहितो. दादाचा फोटो वेळेत लागला. जरा कलला होता, पण लागला. वहिनी पहिल्या रांगेत बसली होती. दादा भिंतीशी उभा होता.

हात दगडासारखा स्थिर. श्वास बरोबर. दहा छर्रे मारले आणि प्रत्येक वेळी आतून कळलं, बसला. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. डावीकडे बघून मान डोलावली.

कागद ओढला. कोरा.

दातवालीने तिचा कागद ओढला. वीस भोकं. माझे दहाच्या दहा शेजारच्या घरी जाऊन बसले होते. कोणता छर्रा कुणाचा हे कळायला मार्ग नाही, म्हणून नियमाप्रमाणे त्यातले चांगले दहा तिचे धरले. ती पहिली आली. दादाच्या नावाचा कप तिला. ती बिचारी घेईना. कोच म्हणाला, नियम म्हणजे नियम.

मी वहिनीला समजावलं, काळ्यात बसलेल्यांपैकी निम्मे तरी माझेच, म्हणजे अट पुरी झाली. वहिनी आधी हसली. मग पदराने डोळे पुसले. म्हणाली, भावोजी, दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं आपल्या पोटात जात नाही.

दुसऱ्या दिवशी
रायफल मीच नेऊन दिली. कोचने ती इतर रायफलींच्या रांगेत उभी केली. पाठ फिरवली आणि परत बघितलं तर कोणती आपली ते ओळखू येईना.

८ एप्रिल
डॉक्टर. त्याने तक्त्यावरची सगळ्यात वरची ओळ वाचायला सांगितली. मी विचारलं, तक्ता कुठे आहे. ही बाहेर जाऊन हसली.

१२ एप्रिल
नवा चष्मा आला. जग जरा जास्तच काटेकोर दिसतंय. हॉलमधले खिळे खरंच वरखाली आहेत.

क्लबमध्ये गेलो. रायफल मागून घेतली. डाव्या काचेवर पट्टी लावून घेतली, मुकाट्याने. दहापैकी सात काळ्यात, माझ्याच कागदावर. दातवालीने टाळ्या वाजवल्या. मी पट्टी सोलली आणि डावीकडे बघितलं, त्याने पाहिलं का म्हणून.

भिंतीशी एक मॅट उभी होती. मरून रंगाची. गुंडाळून मध्ये पट्ट्याने आवळलेली, वर कुणाची तरी टोपी. आडवं पडून मारणाऱ्यांसाठी असते ती. कोचला विचारलं. म्हणाला, कायमची तिथेच असते, ठेवायला जागा नाही.

चष्मा काढला. दादा. लावला. मॅट. पुन्हा काढला.

कोच म्हणाला, सात म्हणजे पाचाच्या वर, वहिनींना सांगतो, रायफल घेऊन जा. म्हटलं, राहू दे. घरी नेऊन दाखवू कुणाला?

काढलेला चष्मा हातात धरून बाकावर बसलो. मग दोघं जण आले, एकाने डोक्याकडून धरली, एकाने पायाकडून, आणि मॅट उचलून नेली. भिंत मोकळी झाली. चष्मा लावूनही मोकळी, काढूनही मोकळी.

दादा नाही. वर्षभर नव्हताच.

घरी आल्यावर हिने विचारलं, डोळे का लाल झालेत. म्हटलं, नंबर नवीन आहे, सवय व्हायला वेळ लागतो.