एका स्विचमध्ये एकच उजेड

४ ऑक्टो.
बाबांची तेरवी परवा झाली. आज चंद्रपूरला परत, कॉलेजात शिकवायला. माझ्या पीएच.डी.च्या गाइड सरांनी चहा मागवला. "मॅडम, अशा वेळी हा विषय जड जाईल. सोपा देतो." विषयबदलाचा अर्ज टाइप करून तयारच होता. चहा प्यायले. सही केली नाही. अर्ज पर्समध्ये.

६ ऑक्टो.
अडलेलं तिथंच आहे. ऑप्टिकल जाळ्यात दोन उजेड एकाच वेळी एका स्विचमधून गेले, की एकाचा थोडा दुसऱ्यात झिरपतो. म्हणून फेऱ्या पाडायच्या, एका फेरीत एका स्विचमधून एकच उजेड. त्यात एकाच ठिकाणाहून अनेकांना पाठवायचं, म्हणजे गुंता आणखी. माझ्या आठ टोकांच्या जाळ्याला चार फेऱ्या लागतात. तीन हव्यात.
बाबांनी एकदा विचारलं होतं, उजेडाची पाळी काऊन लावा लागते? सांगितलं. "मंग हे त आपलंच काम हाये."
विषय बदलणार नाही.

१० ऑक्टो.
गावी. धानाला तलावाचं पाणी सोडायचं होतं. पाळ्या बाबा लावायचे, एका पाटात एका वेळी एकाचंच पाणी. यंदा कोण? मी उभी राहिले. पारावरून कोणीतरी, "मास्तरीणबाई, पाण्याचीबी हजेरी घेता का?" आई बांधावरूनच ओरडली, "घेते! तू गैरहजर रायशील त तुही बांधी कोरडी!"
चूक झाली. शेजारच्या गणपतभाऊंच्या तिन्ही बांध्या, धानाची खाचरं, एकाच पाळीत भरायला घेतल्या. मागचे सगळे खोळंबले. भाऊच आले. "पोरी, माह्या तिन्ही एकदमच काऊन भरून राह्यली? तुहा बाप असा नाई करे. दोन आता, एक उद्या. दुसऱ्याले पाट मोकळा होते."
चिखलात तशीच उभी. जाळ्यातही एकाचा उजेड त्याच्या सगळ्या टोकांना एकाच फेरीत पोचवायचा, असं मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मीच धरून चालले होते.

१२ ऑक्टो.
एका ठिकाणाहून अनेकांना पाठवणं दोन फेऱ्यांत तोडलं. तीन फेऱ्यांत बसलं! पुन्हा पुन्हा तपासलं. कुठंही दोन उजेड एका स्विचमध्ये नाहीत.
सर : "एकच गोष्ट दोनदा पाठवायची? समिती हसेल."
हसू दे.

१६ ऑक्टो.
पीएच.डी.च्या समितीसमोर मांडलं. एकजण हसले. दुसऱ्यांनी कागद ओढून घेतला, बराच वेळ पाहिला. "हे एक उदाहरण झालं. सिद्धता?" नाही, म्हटलं. खोटं कशाला. एक महिना दिलाय. नाहीतर विषय बदलायचा. सरांनी बाहेर आल्यावर अर्जाची आठवण केली. पर्समधून काढून दाखवला. मागच्या कोऱ्या बाजूवर तीन फेऱ्यांची आकृती काढलेली.
आईचा फोन. शेवटच्या बांधीत पाणी पोचलं. "तुह्या बाबाच्या टायमाले पोचे तसंच."
सिद्धतेची वाट शोधायला आता सोळा टोकांचं जाळं घेतलंय. पहिली फेरी बसली. दुसरीत एक टोक उरतंय, ते तिसरीत ढकललं तर…