इंजिन किती हातांवर थांबलं

३ जाने.
नाव लागलं! चर्चमधून पाच जण मलावीला जाणार, त्यात मी. दुभाषी म्हणून. व्हिक्टरभैया तिथल्या सभेत हिंदीतून साक्ष देणार, म्हणजे देवानं आपल्याला कसं सोडवलं ते सांगणार, मी तिचं इंग्रजी करायचं, आणि तिथला मोझेस माझ्या इंग्रजीचं त्यांच्या भाषेत, चिचेवात. पास्टरजी म्हणाले, "आपकी अंग्रेज़ी कहाँ की है?" म्हटलं, अॅम्प्लिफायरमागची. सायकलवर भोंगे लादून सभांना जायचो तेव्हापासून परदेशी प्रवचनकार आणि त्यांचे दुभाषी ऐकतोय. शाळा सुटली, कान चालू राहिले.
बायको, सुलभा: "विमानात हॅलो माइक टेस्टिंग करू नका म्हणजे मिळवली."

९ जाने.
पहिली तालीम. व्हि.ची साक्ष माझ्याच स्पीकरवर वर्षानुवर्षं ऐकलीय. दारू पिऊन रुळांवर पडला, इंजिन येऊन थांबलं, दारू सुटली. पूर्वी इंजिन दहा हातांवर थांबायचं. मग पाच. आज शर्टाच्या बटणाला टेकलं.
खरं काय ते मला ठाऊक, झाशीच्या सीपरी बाजारातलं माझं भोंग्यांचं दुकान त्याच्याच घराखाली. त्याच्या लेकीनं, लहानग्या रीनानं, एकदा त्याचे बूट लपवले. पॉलिश केल्याशिवाय गल्लीत न उतरणारा माणूस, दारूच्या ठेक्यावर अनवाणी कसा जाणार? जिन्यात बसून राहिला. मीच चहा नेऊन दिला. त्या दिवसापासून सुटली. रूळबिळ काही नाही.
आज इंग्रजीत माझ्या तोंडून इंजिन निघेना. 'फार प्यायचा, देवानं सोडवलं', एवढंच बोललो. त्याचं ताटभर, माझं वाटीभर. सगळे आमेन म्हणाले.

१६ जाने.
मोझेसबरोबर व्हिडिओ कॉलवर तालीम. व्हि. लांबलचक, मी आखूड, मोझेस पुन्हा लांबलचक! शेवटी मोझेसनं इंग्रजीत मलाच पकडलं: "बंधू, तो एवढे हात पसरतोय आणि तुझी दोन वाक्यं. बाकीचं कुठे ठेवतोस? मला पदरचं घालावं लागतंय."
काय घातलंस?
"हातवारे बघून मगर असेल असं वाटलं."
म्हणजे चिचेवात व्हि.ला मगरीनं सोडून दिलं. मी हसतोय, तोच मागे पास्टरीणबाईही हसल्या. त्या शाळेत इंग्रजी शिकवतात. विसरलोच होतो.

१७ जाने.
पास्टरजींकडे हजेरी. "जो वो बोलें, वही बोलिए। काटना-जोड़ना आपका काम नहीं।" जमत नसेल तर दुसरा दुभाषी बघतील. जी जी करून आलो.
सु.: "सांगा की इंजिन. तुमचं काय जातंय?"
जातंय. जन्मभर लोकांच्या थापा माझ्या भोंग्यातून गेल्या, पण तोंडातून नाही. पण नाही सांगितलं तर मलावीही जातंय... पहिला पासपोर्ट, आणि लखनौला जाऊन घेतलेली ती पिवळ्या तापाची लस. दंड अजून ठणकतोय.

२२ जाने.
रीना दुकानात आली. आता गावातच ओरछा गेटला सासरी असते. "चाचा, पापा वहाँ भी इंजन ही सुनाएँगे? आज तक जूतों का नाम नहीं लिया।" हसत म्हणाली. पण तो आवाज मी ओळखतो, माइकपासून दूर सरकलेल्या माणसाचा.
म्हटलं, बेटा, तो बोलेल तेवढंच बोलायची मला आज्ञा.
"तो उन्हीं से कहलवाइए।"

२३ जाने.
व्हि.ला जिन्यातच गाठलं, चहा घेऊन. रीनाचं सांगितलं.
"भैया, जूतों पे कौन आमेन बोलेगा? इतनी दूर से बुला रहे हैं, जाके जूते सुनाऊँ?"
बराच वेळ फुंकर मारत बसला. चहा केव्हाच थंड झाला होता. मग हळूच, "और यहाँ वाले? इतने साल इंजन सुना है इन्होंने।"
म्हटलं, तिथे कुणीच ऐकलेलं नाही.

१ फेब्रु.
शेवटची तालीम. इंजिन आलंच. मी मान खाली घालून शब्दन् शब्द इंग्रजीत केला. पास्टरजी खूश. मी नाही. एक मात्र कानानं टिपलं: इंजिन बटणावरून मागे सरकून पुन्हा पाच हातांवर गेलंय.

४ फेब्रु., झाशी स्टेशन
दिल्लीची गाडी लेट. सु.नं चिवडा माझ्या सूटमध्ये गुंडाळलाय. "विमानवाल्यांनी विचारलं तर सांगा, औषध आहे."
रीना नवे बूट घेऊन आली, बापाच्या पायात स्वतः घातले. "इस बार पहना के भेज रही हूँ।" व्हि. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन पाठ करून उभा राहिला, पुटपुटत. मी पाणी भरायच्या निमित्तानं मागे.
"...और तभी इंजन..." थांबला. बुटांकडे पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून. "भाइयो, मेरी एक बेटी है..."
तेवढ्यात शेजारच्या रुळावर खऱ्या इंजिनानं शिट्टी मारली. पुढचं काही ऐकू आलं नाही.
माघारी वळल्यावर विचारलं, "तो कितने हाथ?"
"माइक पे देखेंगे," म्हणाला. "बस तुम काटना मत।"