मोडक्या छत्र्यांच्या साठ पिशव्या

रवि. ५ जाने. ९७
न्हाणीत आज पुन्हा छत्र्या. बादलीत पाच, दोरीवर आठ-नऊ, सगळ्या काड्यांवरून सोलून काढलेल्या. अंघोळीला जागा करून घ्यावी लागली. सु.ला म्हटलं, लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आता कळतंय की मला छत्रीवाल्याच्या घरी दिलंय. तर म्हणते, "तुम्ही कारखान्यात जात होता तेव्हा पण हे सगळं होतंच की. बघालाय तुम्ही आत्ता."
खरं आहे. चौतीस वर्षं सकाळी सातची बस. घरातलं जे दिसलं ते रविवारपुरतं.
दुपारभर बघत बसलो. मोडक्या छत्रीचं कापड उसवते, साबणात भिजवते, वाळवते. आठ पाकळ्या सुट्या करते आणि एक सुलटी, एक उलटी अशा जोडते. तोंडाला छत्रीचीच काडी वाकवून घालते, म्हणजे पिशवी ताठ राहते. पट्टे सायकलच्या जुन्या ट्यूबचे. अस्तर शिंप्यानं टाकून दिलेल्या कापडाच्या नमुन्यांच्या वहीतलं, त्यामुळे आत उघडून पाहिलं की पंधरा साहेबांच्या पँटी. विकत आणलेला फक्त दोरा.
शिवून झाली की खिडकीच्या गजाला टांगायची आणि आत पाच किलो तांदूळ. दिवसभर. तिच्या आईची पद्धत. पिशवीनं आधी घरचे तांदूळ पेलायचे, मग बाजारात जायचं. मी हसलो. तिनं लक्ष दिलं नाही.

बुध. ८ जाने.
तिच्याबरोबर शिवाजीनगर. बसस्टँडमागच्या बोळात कृष्णोजीअण्णांचं छत्रीदुरुस्तीचं दुकान, दुकान कसलं, फळी आणि एक खिळा. यांचं घराणं इथं कानडी मुलखात तीनशे वर्षांपूर्वी आलेलं. मराठी आपली, पण निम्मी कानडीत बुडवलेली. "या अक्का! स्वल्प बसा. तुमच्यासाठी सहा मेलेल्या ठेवल्या."
सु. एकेक उघडून उन्हाकडे धरते, दोन घेतल्या, चार परत. मला सगळ्या सारख्याच मोडक्या दिसत होत्या. अण्णा मला हळूच म्हणाले, "तुमच्या अक्काला फसवता येत नाही, सर. मी वीस वर्षं बघतो."
वीस वर्षं! मला पत्ता नाही.

मंगळ. १४ जाने.
संक्रांत. वरच्या मजल्यावरची केतकी तिळगूळ घ्यायला आली. पुण्याची मुलगी, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर काम करते, कंपनीची बस तिला चौकातून नेते. गजावरची पिशवी बघून ओरडलीच. "काकू, कसली भारी आहे! तुम्ही विकत का नाही हो?"
सु. म्हणाली, "कोण घेणार बाई मोडक्या छत्र्या?"

सोम. २० जाने.
केतकीला सु.नं संक्रांतीला पिशवी दिली होती, ती तिनं ऑफिसात दाखवली. वार्षिक समारंभाच्या पाहुण्यांना द्यायला साठ हव्यात. १० फेब्रु.ला हातात, समारंभ महिनाअखेरीस. एकच अट, सगळ्या एकसारख्या. कापड आहे, गेल्या पावसाळ्यातल्या छत्र्या माळ्यावर रचलेल्या.
सु. बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी. आजवर तिच्या पिशव्या बहिणींना, शेजारणींना, लग्नात आहेराबरोबर. अनोळखी माणसाच्या हातात एकही गेलेली नाही. "हसतील का हो?" असं विचारलं मला. बत्तीस वर्षांत तिनं मला असं काही विचारल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, एकसारख्या हव्यात ना, मग मी आहे. तपासणी खात्यात जन्म गेलाय.


बुध. २२ जाने.
पत्र्याचं माप केलं. एका पाकळीचं. कानस मारून कडा गुळगुळीत. सु.नं हातात घेऊन पाहिलं, "छान झालंय," म्हणाली आणि फडताळावर ठेवलं. वापरलं नाही.
अंदाजानं कापते. कापड खिडकीत धरते, डोळे बारीक करते, खडूनं कुठंतरी वाकडी रेघ मारते, कात्री चालवते. एक पिशवी बोटभर उंच, दुसरी पोटाला फुगीर. कारखान्यात असा कारागीर असता तर मी त्याला...
पण वेग! आणि हात. टाका इतका सारखा की भिंग लावून पाहिला.

मंगळ. २८ जाने.
चाळीस झाल्या. सु.चा अंगठा कात्रीनं सुजला. मी म्हटलं, उरलेल्या वीस मी कापतो, तू शीव. तिला पटलं नाही. मग म्हणाली, "बरं. पण प्रत्येक कापड उजेडात धरा हं आधी."
कापल्या. पत्र्याच्या मापानं, एका दिवसात वीस. संध्याकाळी विचारलं, "धरलं होतं ना?" हो म्हणालो.
धरलं नव्हतं. कशाला धरायचं तेच कळलं नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.

रवि. २ फेब्रु.
साठ पुऱ्या. इतक्या सगळ्या टांगायला वेळ कुठला, तपासणी माझ्यावर सोपवून सु. जयनगरच्या बाजारात गेली. दिवाणावर मांडल्या. पोलादी पट्टी, पाव इंचाची सूट. माझ्या वीस पहिल्या झटक्यात पास. तिच्या चाळिसातल्या अठरा पास, बावीस बाद.
आणि मग हातानं जे चौतीस वर्षं केलं तेच केलं. बाद मालाला लाल ठिपका. ऑइल पेंट, बुडाशी, निघणार नाही असा. कारखान्याचा नियम, बाद माल चुकून चांगल्यात मिसळता कामा नये. बाविसाव्या पिशवीला लावला आणि ब्रश पुसताना ध्यानात आलं की हा कारखाना नाही.
सु. आली. भाजी खाली ठेवली. एकेक पिशवी उलटी करून पाहिली. भाजी निवडायला बसली.

सोम. ३ फेब्रु.
रॉकेलनं ठिपका काढायचा प्रयत्न. ठिपका फिकट, भोवती कापडाचा रंग गेला, रुपयाएवढा डाग. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एकावरच थांबलो.
तिनं जेवायला वाढलं. "भात घ्या." दिवसभरात एवढंच.

मंगळ. ४ फेब्रु.
एकटाच शि.नगरला. अण्णांना म्हटलं, बावीस छत्र्या द्या. ते हसले. "फेब्रवारीत? छत्री मोडायला पाऊस नको काय सर? जूनमध्ये या."
सगळं सांगितलं. ठिपक्यांचं, मापाचं. पिशव्या लहानमोठ्या का होतात म्हणून तक्रारही केली, अजून खुमखुमी होती. अण्णांनी एक मेलेली छत्री उघडून उन्हाकडे धरली. "इथं बघा. मिटली की घडी पडते, काडी घासते. तिथं कापड विरतं. वरून कळत नाही, उजेडात कळतं. अक्का ती जागा सोडून कापतात. कुणाची घडी कुठं, तशी पिशवी लहानमोठी. सरी ना, बरोबर ना?"
कापडातून उन्हाच्या बारीक बारीक टाचण्या दिसल्या.
तिथंच फळीवर बसलो. तिची प्रत्येक वाकडी रेघ आठवली. मी हिला बेशिस्त समजत होतो.

बुध. ५ फेब्रु.
सकाळी सांगून टाकलं. उजेडात धरलं नव्हतं. खोटं बोललो.
सु.नं चहाचा कप खाली ठेवला. "मला वाटलंच होतं. शिवताना हाताला लागतं की." मग तू बोलली का नाहीस म्हटलं, तर, "तुम्ही इतक्या हौसेनं कापलात." कप उचलताना, "चूक माझी पण हाय. चला, टांगू या."
गच्चीवरच्या लोखंडी नळीला सहा-सहा. प्रत्येकीत पाच किलो, दोन तास. आमचे तांदूळ, के.चे तांदूळ, शेजारच्यांचे तांदूळ.

गुरु. ६ फेब्रु.
संपलं. माझ्या हातच्या वीसपैकी सात फाटल्या. सातवी तर माझ्या डोळ्यांदेखत, टर्रकन, तांदूळ गच्चीभर. चिमण्यांची चंगळ. उरलेल्या तेरा वाचल्या, सु. म्हणते दैवानं.
लाल ठिपक्याची एकही फाटली नाही. बावीसच्या बावीस.
तांदूळ वेचता वेचता तिला म्हटलं, माझ्या चौतीस वर्षांत तुझ्यासारखा कारागीर मी पाहिला नाही. मनापासून म्हटलं. "असू दे," म्हणाली, "ते कोपऱ्यातले तांदूळ राहिलेत." पण कान लाल झाले होते.

शनि. ८ फेब्रु.
सातही सोडवल्या. मी उसवायला, ती कापायला. विरलेला भाग काढून तिथं नमुन्याच्या वहीतले चौकोन जोडले. आता त्या सात तर कुणाच्या मापाशी कुणाचं माप जुळत नाही अशा. दिसायला मात्र साठांत उजव्या. पुन्हा टांगल्या. पेलल्या.

रवि. ९ फेब्रु.
दुपारी सु.नं पेंटचा डबा माझ्यापुढे ठेवला. "राहिलेल्यांना पण लावा."
मी म्हटलं, अगं, लाल म्हणजे बाद.
"तुमच्या कारखान्यात. आमच्यात लाल म्हणजे तांदूळ पेलले. एकसारख्या हव्यात म्हणालेत ना?"
ब्रश बुडवला आणि हात थांबला. चांगल्या मालाला लाल कधी लावलेला नाही. ती बघत होती. लावला. अडतीस ठिपके, पहिला वाकडा, शेवटचा गोल.
रॉकेलचा डाग पडलेल्या पिशवीवर तिनं छत्रीच्या टोकाचं टोपण शिवलं. विचारलं नाही मला.

सोम. १० फेब्रु.
के. सकाळी साठही पिशव्या घेऊन गेली, कंपनीच्या बसमध्ये चार गाठोडी. ती उघडून पाहताना जरा घाबरली. "काकू, सुंदर आहेत, पण सेम नाहीयेत ना... आणि हे रेड काय?" सु.नं तिला सगळं सांगितलं, घडीचं, तांदळाचं. माझंही. काही लपवलं नाही. के. माझ्याकडे बघून हसली. "मी बोलते मॅनेजरशी. ऐकतील की नाही माहीत नाही."
बस वळेपर्यंत सु. फाटकाशी उभी होती. मीही.

मंगळ. ११ फेब्रु.
के. काल उशिरा आली. पिशव्या ऑफिसात टेबलावर मांडून ठेवल्यात, मॅनेजरसाहेब परगावी, निर्णय उद्या-परवा. एकानं म्हणे पिशवीत आपली सगळी जाड पुस्तकं भरून पाहिली. पेलली. पण घेणार का, ते कळलं नाही.
सु.ला विचारलं, परत आल्या तर? "आल्या तर आल्या. गावाकडं हुन्नरगीला भाचीचं लग्न हाय मे महिन्यात." पण सकाळपासून दोनदा जिन्याकडे बघून आली.
दुपारी तिनं नवं कापड माझ्या हातात दिलं. हिरवी छत्री, अण्णांनी ओढूनताणून शोधून पाठवलेली. खिडकीकडे बोट. "विरलेली जागा दाखवा."
दहा मिनिटं लागली. तीन सापडल्या. खडूनं खुणा केल्या, परीक्षेला बसलेल्या पोरासारखं तिच्याकडे पाहिलं.
तिनं नखानं चौथी दाखवली. मला ती अजून दिसत नाही. उद्या सकाळी ऊन आलं की पुन्हा धरून बघणार.