कानातला खडा आणि वरचा मजला

आधी एका खड्याचा हिशेब. आकाराने शेंगदाण्याएवढा, रंगाने मधासारखा. तो मिळवताना माझ्या डाव्या अंगठ्याचे नख गेले. ते परत आले. चाळणी दिवसभर बंद राहिली. ती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. धाकट्या भावाशी बोलणे बंद झाले. त्याला एकोणीस वर्षे झाली, ते अजून बंदच आहे. खड्याची खरी किंमत ही. बाकीची मालमत्ता मला याहून स्वस्तात पडली.

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा वाळू-खडी चाळण्याचा (आता निवृत्त, पण सल्ला न विचारता देतो), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि ताळ्यावर असलेल्या डोक्याने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर राहतो आणि दिवसभर माझ्या डोक्यावर खुर्ची सरकवतो, ते दडपणात धरायचे की नाही हे वकिलांनी ठरवावे.

कलम एक. बँकेतील ठेव मुलीला. तिने ती जावयाला दाखवावी, हाती देऊ नये. जावई सज्जन आहे. सज्जन माणसाला धंद्याची कल्पना सुचली की मला धडकी भरते.

कलम दोन. दोन चांगल्या चाळण्या आणि मोटर माझ्या जुन्या मुकादमाला. तिसरी फाटकी आहे. ती विकताना कारागीर म्हणाला होता, "शेठ, आयुष्यभर टिकेल," आणि ती आठवड्यात उसवली. ती त्याच्या मुलाला परत करावी व निरोप द्यावा की आमचे आयुष्य संपले, तेव्हा तक्रार मागे घेत आहोत.

कलम तीन. यात द्यायचे काही नाही, पण हे वाचल्याशिवाय कलम चार कळणार नाही.

मी शाळेत चौथीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण कानांनी झाले. जाळीला भोक पडले की चाळणीचा आवाज सैल होतो. तो मला सगळ्यांच्या आधी ऐकू येई. त्या कानांवर मी मजुराचा मुकादम झालो आणि मुकादमाचा मालक. आईवडील गेले तेव्हा भाऊ सात वर्षांचा होता, मी सतरा. त्याला मी शिकवला. तो शाळेत विज्ञान शिकवू लागला आणि सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. मीही.

जुन्या नदीपात्राच्या खडीत माशांचे दगड झालेले काटे सापडत. मी ते डब्यात टाकी. मास्तर पुस्तके आणी. सुट्टीच्या दिवशी आम्ही जिन्यात बसत असू. तो वाचे, मी ऐके. ते काटे मिशीवाल्या माशाचे होते, ज्याला पुस्तके कॅटफिश म्हणतात आणि आम्ही शिंगाळा. त्याची सगळ्यांत जुनी घराणी दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत आहेत. दक्षिणेकडच्या जमिनी कधीकाळी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या फुटून सरकल्या, तशी या माशांची कुळेही आपापल्या जमिनीबरोबर गेली. जिथे आज नुसता बर्फ आहे त्या खंडावरही याची हाडे मिळाली आहेत. तीन हजारांवर जाती. एक उताणा पोहतो, एक विजेचा झटका देतो, एक पाणी आटले की सरळ चिखलातून चालू लागतो. खवले कोणालाच नाहीत. आणि पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी, कानात दगडासारखे टणक खडे, त्यामुळे याला इतर माशांपेक्षा जास्त ऐकू येते. हे ऐकल्यापासून हा मासा मला घरचा वाटू लागला.

एकोणीस वर्षांपूर्वी चाळणीत खर्र आवाजाच्या मधेच टक् असा आवाज आला. मी हात घातला. नख गेले, खडा आला. मास्तरने भिंगातून पाहिला.

"दादा, हा शिंगाळ्याच्या कानातला खडा आहे!"

मी त्याला मिठी मारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पण हा आपल्या नदीच्या कुळातला नाही. याचे पूर्वज समुद्रातून आले आणि खाडीतून वर चढले."

"गोड्या पाण्यातला मासा खारं पाणी प्यायला कशाला जाईल? जमिनीबरोबर आलाय तो, बसल्या जागी."

"दादा, चाळणं वेगळं आणि वाचणं वेगळं."

"त्या चाळण्यावरच तुझं वाचणं झालं, मास्तर."

तो वर गेला. तेव्हापासून दोन मजल्यांमध्ये बोलण्याचे काम भावजय करते. सकाळी वर्तमानपत्र घेऊन येते. "भाऊजी, हे विचारतायत खोकला कमी झाला का. म्हणजे, विचारत नाहीयेत. मीच विचारतेय."

असा खडा दुसऱ्या कोणाच्या हाती नाही. संग्रहालयवाले दोनदा येऊन गेले. मी चहा दिला, खडा दिला नाही.

कलम चार. वरचा मजला भावाला मी तोंडी दिला होता, कागद नाही. तो त्याला एका अटीवर मिळेल. माझ्यामागे महिन्याच्या आत त्याने चार माणसांसमोर म्हणावे, "दादाचं बरोबर होतं." न म्हटल्यास मजला मुलीचा आणि मास्तरने दुसरे घर बघावे. आयुष्यभर वर्गात बोलला, त्याला हे एक वाक्य जड नाही.

कलम पाच. हे आज, सही करण्याआधी, लिहिले.

साक्षीला डॉक्टर आणि मासेवाली यांना बोलावले होते. मासेवाली तीस वर्षे दोन्ही मजल्यांवर मासे देते आणि कोणाची बाजू घेत नाही. ती म्हणाली, "काका, वाचल्याशिवाय मी सही करत नाही," आणि सगळे मोठ्याने वाचले. मग म्हणाली, "खडा दाखवा."

तिने तो बोटांत फिरवला. "हा समुद्रातल्या शिंगाळ्याच्या जातीचा."

"कशावरून?"

तिने टोपलीतून समुद्रातला शिंगाळा काढला, माझ्या वर्तमानपत्रावर ठेवला, सुऱ्याने डोके फोडले, दोन खडे काढून नळाखाली धुतले आणि माझ्या खड्याशेजारी मांडले. "नदीतल्याचा असतो तिळाएवढा. एकोणीस वर्षं भांडलात, काका, आणि एकाही माशाचं डोकं फोडून पाहिलं नाहीत? दोघांनी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि परत घातला.

वरची खुर्ची बराच वेळ सरकली नव्हती. जिन्यात कोणीतरी श्वास रोखून उभे होते. मी म्हणालो, "ये खाली. नवव्या पायरीवर आहेस."

मास्तर आला. तीन खडे पाहिले. मला वाटले, आता तास घेणार.

"दादा, मूळ घराणं जमिनीबरोबरच पसरलं. ते तुझं खरंच आहे. हा एकटा पोहत आला."

"मला समजावू नकोस."

"समजावत नाहीये. चार माणसांसमोर म्हणतोय. तू, मी, डॉक्टर आणि या बाई. दादाचं बरोबर होतं. आता मजला दे."

"लबाडा, मी अजून जिवंत आहे."

मासेवाली सुरा पुसत होती. "या जातीचा बाप फार सोसतो हो. पिल्लं सुटी होईपर्यंत अंडी तोंडात धरून ठेवतो. महिना-दीड महिना पोटात काही नाही."

मास्तर फरशीकडे बघत म्हणाला, "ते मला माहीत आहे."

सबब कलम चारमधील अट रद्द. वरचा मजला भावाला. त्याचा कागद मी मरण्याची वाट न बघता उद्याच करायचा आहे. त्याने खुर्चीच्या पायांना रबर लावावे. ही अट नाही, विनंती आहे.

हे सर्व वाचून, ऐकून आणि दोन ठिकाणी हसून सही केली.

सही: लिहिणार
साक्षीदार: १. डॉक्टर २. मासेवाली
स्थळ: तळमजल्यावरची पुढची खोली
तारीख सात, महिना अकरावा, सकाळी साडेदहा

सोबतच्या यादीतील शेवटची नोंद: कानातले खडे, नग तीन, एक चाळणीतला, दोन आज सकाळचे. साक्षीदार क्रमांक दोन यांच्या सांगण्याप्रमाणे असे चाळीसेक खडे त्यांच्या पाटाखालून रोज कचऱ्यात जातात.