उत्तेजनार्थ घेणार न्हाई

१० एप्रिल १९८३, रविवार
लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले. कलेक्टर आले, नव्या पाट्या आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलंय. आज पेपरात बातमी: महाराष्ट्र दिनाला जिल्ह्याची पहिली अपंग क्रीडा स्पर्धा. त्यात हातानं चालवायच्या तीनचाकीची शर्यत, मैदानाला तीन फेऱ्या. पहिला येईल तो राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार. म्हणजे मी.

जुन्या जिल्ह्यात मला दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस देऊन गप बसवलं. एकदा साबणदाणी. मग दर साली घोंगडं. अरे, पोलिओ माझ्या पायाला झालाय, मला थंडी वाजून राहिली असं कुणी सांगितलं? अपंग म्हणलं की ह्यांना घोंगडंच सुचतं.
कसम खाल्ली. उत्तेजनार्थ घेणार न्हाई. मेलो तरी न्हाई.

१२ एप्रिल
सराव उद्यापासून. आज माझ्या टायपिंगच्या क्लासला शिकायला पोरं लई. तसं टायपिंगनं बोटं, मनगट, खांदा सगळंच तयार होतं. म्हणजे माझा सराव पंधरा वर्षं चालूच हाय.

१४ एप्रिल
जयंती. सराव बंद. मिरवणुकीत माझी तीनचाकी सगळ्यात म्होरं होती, पण गर्दीमुळं खरा वेग दाखवता आला न्हाई.

१७ एप्रिल, रविवार
गल्लीचा नळ कोरडा ठाक. टँकर चौकात येतो, कवाबी येतो. सरजा म्हणाली, तुमच्या गाडीवर दोन घागरी तरी आणा, माझी कंबर गेली. मी समजावलं की ही आता रेसची गाडी हाय, ओझ्यानं बेअरिंग जातं. ती म्हणाली, मग बेअरिंगच प्या.
बायको असून खेळाडूची कदर न्हाई.

समोरचा धोंडप्पा भाजीवाला. त्याचीबी तीनचाकी. सकाळी भाजी विकतो आणि मग अख्ख्या गल्लीच्या घागरी वाहतो. त्यानंबी शर्यतीत नाव दिलंय म्हणे. मला कीव आली. एक मेपर्यंत हा माणूस पार पिचून जाणार. मी ताजा राहणार.

२३ एप्रिल
डावपेच ठरवला: शर्यतीत मागं वळून बघायचं न्हाई. बघितलं की वेग जातो.
जिंकल्यावरचं भाषण टाइप केलं. कार्बन लावून तीन प्रती. पहिलं वाक्य, 'आम्ही बिचारे नाही.' दरवर्षी पाहुणा उठतो, हे बिचारे म्हणतो, आणि आम्ही खाली बसून टाळ्या वाजवतो. ह्या खेपेला माइक माझ्या हातात असंल.
सरजाला वाचून दाखवलं. तिचे डोळे भरले. मग म्हणाली, एवढं सांगायला पहिला नंबर कशाला लागतो? मी म्हणालो, नंबराबिगर माइक देत न्हाईत.

२९ एप्रिल
आज प्रत्यक्ष सराव. अर्ध्या फेरीत चेन पडली. बरं झालं. आज पडली म्हणजे परवा पडणार न्हाई.

१ मे, दुपारी, मैदानात निंबाखाली
जिंकलो! जिंकलो!
शिटी वाजली तवा सगळे म्होरं गेले. जाऊ दिले, तोच डाव होता. पहिल्याच वळणावर धुळीचा लोट उठला, आरडाओरडा झाला, आणि धूळ बसली तर माझ्या म्होरं कुणीच न्हाई! उभ्या जन्मात माझ्या म्होरं मोकळं मैदान मी पहिल्यांदा बघितलं. रडलो. हाव, रडलो, आणि रडत रडत हात मारत राहिलो. मागं वळून बघितलं न्हाई.

टाळ्या ऐकू आल्या न्हाईत, कानात वारं भरलं होतं. शेवटच्या रेषेवर फीत धरणारे गायब, फीत मातीत. कसली ही व्यवस्था! खाली उतरलो, कुबडी लावली, फीत दोन खांबांना बांधली, गाडी मागं नेली, आणि पुन्हा येऊन छातीनं तोडली. बघायला एक बकरी होती.
मांडवात माइकवालाबी न्हाई. बहुतेक बक्षिसाची तयारी चालू असंल. भाषण खिशात हाय.

१ मे, संध्याकाळ
घात झाला.
पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यावर धूळ उडू नये म्हणून मैदानावर शिंपडायला टँकर बोलावला होता. ह्या उन्हाळ्यात! तो फाटकातून आत आला आणि खेळाडू, पंच, फीतवाले, माइकवाला, सगळे त्याच्या मागं. आजकाल सगळ्यांच्या गाडीला घागरी बांधलेल्याच असतात. माझी सोडून.

पंच म्हणाले, शर्यत पुन्हा. मी निषेध केला, सबूत म्हणून तुटलेली फीत दाखवली. ते म्हणाले, सरकारी फीत का तोडली?
पुन्हा शर्यत. भरलेल्या घागरी खाली ठेवायला कुणी तयार न्हाई, नजर चुकली की पाणी गेलं. म्हणून सगळे घागरींसकट पळाले. मी रिकामा. मनातून लई खूश होतो.
शेवटचा आलो.
कारण साफ हाय. ओझ्यानं गाडी जमीन धरून राहते, रिकामी गाडी उड्या मारते. शिवाय माझ्या तीन फेऱ्या आधीच झाल्या होत्या.

धोंडप्पा पहिला. त्याच्या हातात माइक दिला तर म्हणाला, लौकर आटपा, पाणी हिंदकळून राहिलंय. एवढ्यावर टाळ्या!
मला उत्तेजनार्थ. स्टीलची कळशी. सगळ्यांदेखत ठणकावून न्हाई म्हणालो. पाहुणे माइकवर म्हणाले, बिचारा नाराज झाला.

घरी येऊन दोन तांबे पाणी घटाघटा प्यालो. गार होतं. मग सरजानं सांगितलं, धोंडप्पा जाता जाता एक घागर आपल्या दारात ठेवून गेला.

२ मे
सरजा कलेक्टरच्या हापिसात जाऊन कळशी घेऊन आली. म्हणाली, कसम तुम्ही खाल्ली, मी न्हाई. कळशीवर माझं नाव कोरलंय. पंढरी, उत्तेजनार्थ.

धोंडप्पा राज्याच्या स्पर्धेला चालला. तो येईस्तोवर गल्लीचं पाणी कोण आणणार? सकाळी दारात घागरींची ही रांग. सरजानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. मी सगळ्यांना बजावलं, हे पाणी भरणं न्हाई, ओझ्याचा सराव हाय, म्होरल्या साली बघा. सगळ्या बाया हाव म्हणाल्या. अखेर कदर झाली.

पहिली खेप. चौकापासून गल्लीपर्यंत चढ. गाडी मध्येच थबकली, हात भरून आले, वाटलं आता मागं घसरते. आणि आपोआप चालायला लागली. मागनं सरजाच्या बांगड्या वाजून राहिल्या होत्या. मी मागं वळून बघितलं न्हाई. बघितलं की वेग जातो.